गड्ड्याला घर भरणार आहे आणि गोड घरीच करायचंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर सोलापुरात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आणि संक्रांतीला पुण्या-मुंबईहून दीर, नणंदा, त्यांची मुलंबाळं अशी 25 माणसं चार दिवस राहायला येणार. गोडधोड सगळं घरीच करायची इच्छा आहे. मागच्या खेपेला तिळाच्या वड्या दगडासारख्या झाल्या, पोळ्यांमधला गूळ फुटून तव्यावर आला आणि हुग्गीत, म्हणजे खपली गव्हाच्या गुळाच्या खिरीत, दूध घातलं तसं ते नासलं. सासूबाईंना मधुमेह आहे. धाकट्या जावेच्या बाळाचं बोरन्हाणही याच मुक्कामात करायचं आहे. तर काय करावं, किती करावं आणि कधी करावं?

ताई, तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, गूळ. वड्या दगड झाल्या कारण चिक्कीच्या गुळाचा पाक पुढे गेला. पोळी फुटली कारण सारणात गुळाचे खडे राहिले. आणि दूध नासलं कारण गूळ मुळात आंबटसर असतो आणि तुम्ही ते उकळत्या हुग्गीत ओतलंत. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. मी बरीच वर्षं घरातून संक्रांतीच्या ऑर्डरी करते. शिकायला येणाऱ्या मुली वहीपेन काढून प्रमाण विचारतात, पण मी आधी त्यांना विचारते, गूळ कुठला आणलात? प्रमाण चुकलं तर दुरुस्त करता येतं. गूळच चुकीचा आणला असेल तर सगळी मेहनत त्याच्याशी भांडण्यात जाते.

पदार्थ किती करायचे ते आधी ठरवू. माझं मत, तीनच करा: तीळगूळ, शेंगापोळी आणि खपली गव्हाची हुग्गी. गुलाबजाम, गाजर हलवा, बेसनाचे लाडू हे सगळं पुण्यात कोपऱ्यावर मिळतं, त्यासाठी कुणी सोलापूरला येत नाही. पुरणपोळीचा मोह होईल, पण या खेपेला टाळा. 25 माणसांना गरम पुरणपोळी वाढायची म्हणजे दोन बायका दुपारभर ओट्याशी अडकल्या, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी उतरायला लागते. हे तीन पदार्थ मी निवडते ते टिकण्याच्या हिशेबानं. तीळगूळ महिनाभर राहतो, शेंगापोळी बारा-पंधरा दिवस राहते आणि हुग्गी त्याच दिवशी खायची. म्हणजे दोन कामं पाहुणे यायच्या आत हातावेगळी होतात आणि यात्रेच्या दिवसांत फक्त एकाच भांड्याकडे बघावं लागतं.

आता गूळ. दोन प्रकारचा आणा आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवा, डब्यावर चिठ्ठी लावा. पहिला चिक्कीचा गूळ. हा फोडताना चिवट लागतो, पाक केला की ताणतो आणि गार झाल्यावर कडक होतो. हा फक्त कडक वडीला आणि लाडवाला. दुसरा साधा गूळ, मऊ, किसणीवर सहज किसला जाणारा. हा पोळीला, हुग्गीला आणि मऊ वडीला. अगदी पिवळाधमक, स्वच्छ दिसणारा गूळ बघून भुलू नका, रंग उजळायला त्यात बऱ्याचदा पावडरी घातलेल्या असतात. तपकिरी, किंचित गडद गूळ घ्या. दुकानात एक खडा जिभेवर ठेवून बघा. खारट लागला तर तो हुग्गीत तर खारट लागेलच, पोळीतही लागेल. मधला मारुतीच्या बाजारात संक्रांतीआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते आणि चाखून घ्यायला कुणी देत नाही. म्हणून आठ दिवस आधीच जा.

तिळाचं सांगते. पॉलिशचे पांढरेशुभ्र तीळ दिसायला छान, चवीला फिके. गावरान तीळ घ्या. मात्र त्यात बारीक खडा असतो, तेव्हा पाण्यात रोळून घ्या आणि कडक उन्हात एक दिवस वाळवा. आपल्याकडे जानेवारीत दुपारचं ऊन चांगलं असतं आणि हवा कोरडी, त्यामुळे संध्याकाळपर्यंत खडखडीत होतात. मंद आचेवर थोडे थोडे भाजा. तडतडायला लागले, दाणा फुगला आणि दोन बोटांत चिरडला गेला की उतरवा आणि लगेच परातीत पसरा. कढईत तसेच ठेवले तर कढईच्या उष्णतेनं पुढे भाजत राहतात आणि कडू होतात.

तिळाच्या लाडवांच्या पूर्ण तयारीसाठी 1 किलो तीळ, 1 किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो शेंगदाण्याचं भरड कूट, 100 ग्रॅम डाळं, 100 ग्रॅम किसून भाजलेलं सुकं खोबरं, वेलची-जायफळ. सुपारीएवढे दीडशेच्या वर लाडू होतात, घरच्यांना आणि हळदीकुंकवाला येणाऱ्यांना पुरतात. पण हे एका घाण्यात कधीच करू नका. पाव किलो तिळाचा एक घाणा, असे चार. एका घाण्यात दोन माणसं पाच मिनिटांत जेवढं वळू शकतात तेवढंच मिश्रण असावं. त्यापुढे ते कढईतच दगड होतं.

पाकाकडे नीट लक्ष द्या, तुमची वडी इथेच बिघडली. जाड बुडाच्या कढईत एक चमचा तूप, त्यावर चिरलेला चिक्कीचा गूळ आणि फार तर दोन चमचे पाणी. आच मध्यम. गूळ वितळेल, मग मोठे बुडबुडे येतील. बुडबुडे बारीक आणि घट्ट होऊन वर चढायला लागले की शेजारी वाटीत गार पाणी तयार ठेवा. एक थेंब त्यात टाका. थेंब पसरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करता आला आणि तो दाबल्यावर चपटा होत असेल तर ती मऊ गोळी, साधारण 115 अंश सेल्सिअस. गोळी बोटांत घट्ट लागते पण दाताखाली तुटत नाही, चिकटते, हा लाडवाचा पाक, 120 ते 125 अंश. आणि थेंब पाण्यात पडताच कडक होऊन ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजला की ती चिक्की, 145 च्या पुढे. लाडवाच्या आणि चिक्कीच्या पाकात मिनिटा-दोन मिनिटांचंच अंतर असतं. पाण्यात थेंब तपासताना आच बंद करा. हे कुणीच करत नाही आणि त्या अर्ध्या मिनिटात पाक पुढे जातो. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर बेलाशक वापरा. आमच्या आजीच्या पिढीला त्याची गरज नव्हती कारण त्यांचा हात रोजचा होता, आपण वर्षातून एकदा पाक करतो.

चिक्की करणार असाल तर पाक उतरवल्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. गुळाच्या आंबटपणाशी मिळून तो फसफसतो, पाकात बारीक हवा अडकते आणि चिक्की दाताला कडक न लागता खुसखुशीत तुटते. लाडू वळताना हाताला तुपापेक्षा पाण्याचा नुसता ओलसर हात चांगला, तुपानं लाडू घसरतो आणि घट्ट वळला जात नाही. मिश्रण कडक व्हायला लागलं तर कढई पुन्हा मंद आचेवर मिनिटभर ठेवा, सैल होतं. पाणी ओतू नका.

वडीलधाऱ्यांसाठी मऊ वडी वेगळी करा. भाजलेल्या तिळाचं जाडसर कूट दोन वाट्या, दाण्याचं कूट एक वाटी, साधा गूळ दोन वाट्या. मऊ गोळीवर उतरवायचं, घोटायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि कोमट असतानाच वड्या पाडायच्या. कवळी बसवलेल्या माणसालाही खाता येते. आणि समजा एवढं करूनही एखादा घाणा दगड झालाच, तर टाकू नका. खलबत्त्यात कुटून त्याची पूड करा आणि पोळीच्या सारणात मिसळा, पोळी उलट खमंग होते.

आता शेंगापोळी. बाकी महाराष्ट्रात संक्रांतीला गुळाची पोळी असते, तिळाच्या कुटाची. सोलापुरात आणि खाली विजापूर-कलबुर्गीच्या बाजूला शेंगदाण्याची. आपल्या जिल्ह्याचं सगळं खाणंच शेंगेवर उभं आहे, चटणीही तीच आणि पोळीही तीच. पुण्यात वाढलेल्या पोरांना हीच चव घरची म्हणून कळली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही विकत आणू नका. विकतची पोळी पातळ आणि देखणी असते, पण तिच्यात शेंगदाणे कमी आणि बेसन-मैदा जास्त असतो, आणि दाणे किती दिवसांपूर्वी भाजले ते आपल्याला कळत नाही.

50 पोळ्यांसाठी 1 किलो शेंगदाणे, 700 ग्रॅम साधा गूळ, 100 ग्रॅम भाजलेल्या तिळाचं कूट, 50 ग्रॅम भाजून वाटलेली खसखस, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. दाणे नव्या हंगामाचे असतील तर त्यांत ओल असते, एक दिवस ऊन दाखवा. भाजायच्या आधी चार-पाच दाणे वेगवेगळ्या जागचे उचलून चावून बघा, एकही खवट लागला तर ते दाणे पोळीला नकोत. जाड कढईत मंद आचेवर, घाई न करता भाजा. मोठ्या आचेवर साल काळं होतं आणि आत दाणा कच्चा राहतो. असा दाणा चार दिवसांनी पोळीत वास मारतो. गार झाल्यावर हातानं चोळा आणि सुपात घेऊन पाखडा. सालं उडाली पाहिजेत, शक्य असेल तितकी दाण्याची नाकंही काढा, त्यांनी कडवटपणा येतो.

कूट करताना मिक्सर सलग फिरवायचा नाही. थांबून थांबून, दोन-दोन सेकंदांचे झटके. सलग फिरवला तर दाण्याला तेल सुटून लोणी होतं आणि ते सारण लाटताना कडेनं बाहेर पळतं. गूळ बारीक किसणीवर किसा. चिरून चालत नाही, बोटांनी कुस्करूनही चालत नाही. मागच्या वर्षी पोळी फुटली ती इथे. तव्यावर गूळ वितळणारच. तो सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर जवळचं कूट त्याला जागच्या जागी धरून ठेवतं. खडा राहिला तर त्या एका ठिकाणी पातळ पाकाचं डबकं होतं आणि पारी भोक पडून फुटते. कूट आणि गूळ एकत्र केल्यावर परत एकदा मिक्सरमधून झटक्यानं काढा म्हणजे दोन्ही एकजीव होतात.

सारण झालं का ते मुठीत कळतं. मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला पाहिजे, बोटांना तेलाची चमक लागली पाहिजे, पण तेल ओघळता कामा नये. गोळा भुरभुरला तर चमचाभर तूप घाला. दूध किंवा पाणी घालू नका, त्यानं पोळीला बुरशी येते. उलट, गूळ नवा आणि ओला असल्यामुळे सारण चिकट झालं तर दोन-तीन चमचे तुपावर खरपूस भाजलेलं बेसन मिसळा, ते ओल ओढून घेतं. सारण एक दिवस आधी करून झाकून ठेवलं तर जास्त चांगलं मुरतं.

पारीसाठी 800 ग्रॅम कणीक, 400 ग्रॅम मैदा, मीठ आणि सात-आठ चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ भिजवून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवा. मग एका हातात पिठाचा गोळा आणि दुसऱ्या हातात सारणाचा गोळा घेऊन दोन्ही दाबून बघा. दोघांचा मऊपणा सारखा लागला पाहिजे. पीठ घट्ट आणि सारण मऊ असेल तर सारण पळतं. पीठ सैल आणि सारण कडक असेल तर लाटण्याखाली पारी फाटते. पीठ घट्ट वाटलं तर तेलाचा हात लावून मळा, सैल झालं तर थोडी कणीक लावा. हे बघायला मिनिटभर लागतं आणि त्यावर पुढच्या पन्नास पोळ्या अवलंबून असतात.

सवय नसेल तर उंडा भरण्यापेक्षा दोन पाऱ्यांची पद्धत सोपी. पिठाच्या दोन लहान लाट्या पुरीएवढ्या लाटा, मध्ये दोन्ही लाट्या मिळून होईल तेवढ्या वजनाच्या सारणाची चकती ठेवा, कडा दाबून बंद करा. तांदळाच्या पिठीवर हलक्या हातानं, मधून कडेकडे लाटा. मध्येच उलटायची नाही. सारण कडेपर्यंत पोचलं की उरलेली कोरी कड कातणानं कापून टाका. कड कोरी राहिलेली पोळी माणसं मधली खातात आणि कडा ताटात ठेवतात. तवा मध्यम तापलेला असू द्या, तेल-तूप न लावता दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. गूळ कुठे बाहेर आलाच तर पुढची पोळी टाकायच्या आधी तवा ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर जळलेल्या गुळाचे काळे डाग पुढच्या प्रत्येक पोळीला लागतात. भाजलेली पोळी सुती पंचावर सुटी पसरा. गरम पोळ्या एकावर एक ठेवल्या की आतल्या वाफेनं मऊ पडतात आणि चिकटून बसतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. तूप खाताना, ताटात.

तिघी बसा. एकीनं लाट्या आणि चकत्या करायच्या, एकीनं लाटायचं, एकीनं भाजायचं, दोन-अडीच तासांत पन्नास होतात. एकटीनं हा घाट घालू नका. पाठ भरून येते आणि शेवटच्या वीस पोळ्या जाड होतात. जाऊबाई एक दिवस आधी पोचत असतील तर हे काम त्यांच्यासाठी राखून ठेवा. नाहीतर शेजारणीला हाक मारा आणि तिच्या पोळ्यांच्या दिवशी तुम्ही तिच्याकडे जा.

हुग्गीकडे येते. सडलेले खपली गहू बाजारात तयार मिळतात. 25 माणसांना 1 किलो घ्या, सव्वा ते दीड किलो साधा गूळ, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ. गहू रात्रभर भिजले पाहिजेत, निदान आठ तास. सकाळी तिप्पट पाणी घालून डाळ-तांदळाबरोबर मोठ्या कुकरला सात-आठ शिट्ट्या आणि मग कुकर आपसूक गार होऊ द्या. गहू बोटात पूर्ण चिरडला गेला पाहिजे. थोडा जरी कडक वाटला तरी परत शिजवा, कारण एकदा गूळ पडला की गहू पुढे मऊ होत नाही, कितीही उकळा. शिजलेल्यातला निम्मा भाग रवीनं घोटा, निम्मा अख्खा राहू द्या. हुग्गीत दाणा दाताखाली यावा लागतो, ती पेजेसारखी गुळगुळीत नको.

गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घाला, त्यात काडीकचरा असतोच. मग वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या आणि तळाला हलवत राहा. बडीशेप भरडलेली, सुंठ, वेलची, जायफळ, भाजलेली खसखस, तुपावर तळलेले सुक्या खोबऱ्याचे काप. बडीशेप आणि सुंठ विसरू नका, त्यांच्याशिवाय ती नुसती गव्हाची खीर होते. ओलं खोबरं घालायचं असेल तर ताटात, पातेल्यात नाही. आणि दूधही ताटात. तापवून कोमट केलेलं दूध वाढलेल्या हुग्गीवर घालायचं आणि वर तुपाची धार. पातेल्यात दूध नाही गेलं की नासायचा प्रश्नच उरत नाही, आणि उरलेली हुग्गी फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. ती घट्ट होते, गरम पाण्यानं सैल करून घ्या.

आता दिवसांचं गणित यात्रेवरूनच बसवा, कारण त्या दिवसांत घर तुमच्या हातात नसतं. भोगीला नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो. पाहुणे मिरवणूक बघायला गेले की कधी परततील सांगता येत नाही. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची मिसळीची भाजी, लोणी आणि मुगाची खिचडी, एवढंच करा. गोडाला हात लावू नका. रात्री झोपायच्या आधी गहू भिजत घाला. संक्रांतीला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, त्यामुळे दुपारी संमती कट्ट्याजवळ मुंगीला वाट नसते. म्हणून हुग्गी सकाळी लवकर शिजवून, गुळासकट उकळून, झाकून ठेवा आणि मगच घराबाहेर पडा. परत आल्यावर दहा मिनिटांत गरम होते. किंक्रांतीला होमप्रदीपन, म्हणजे होम पेटवण्याचा विधी, रात्री असतं, होम मैदानावर गर्दीत थंडीत उभं राहावं लागतं. तेव्हा मुलांच्या खिशात दोन-दोन तिळाचे लाडू द्या, शेंगापोळीचे चतकोर तुकडे कागदात बांधून घ्या. त्याआधीची कामं भोगीपासून मागे मोजत जा: आठ दिवस आधी खरेदी, पाच-सहा दिवस आधी तीळगूळ, तीन दिवस आधी दाणे आणि सारण, दोन दिवस आधी पोळ्या.

गोडानं तोंड मिटतं, हे लक्षात ठेवा. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही टेबलावर कायम असू द्या. शहराच्या पूर्वभागात तेलुगू पद्मशाली ओळखीचं घर असेल तर त्यांच्याकडे संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे, तीळ-ओव्याचे, चकलीसारखे सकिनालू करतात. तीळगुळाच्या बदल्यात ते मागून घ्या. चहाबरोबर ते सगळ्यात आधी संपतील.

सासूबाईंचं स्पष्ट बोलते, कारण इथे प्रेमानं घोटाळे होतात. गूळ हा मधुमेहाला चालतो असं घरोघर म्हणतात, ते खरं नाही. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ म्हणजे साखरच. खपली गहू आणि बाजरी पोटाला चांगली, पण हुग्गीतला गूळ त्यानं कमी होत नाही. त्यांना वेगळं, बिनसाखरेचं काहीतरी केविलवाणं करून देऊ नका. सगळ्यांच्या पंगतीत बसवा, भाकरी-भाजी-डाळ आधी वाढा आणि शेवटी पाव पोळी तुपासकट द्या. तेवढं तरी चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, म्हणजे पंगतीत वाद होत नाही. त्यांच्याकडून पाक तपासून घ्या. इतक्या वर्षांचा त्यांचा अंदाज आहे, त्याचा उपयोग करा.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे ते यात्रेच्या तीन दिवसांत कोंबू नका. पाहुणे निघायच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. चुरमुरे जास्त घ्या, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा, रेवड्या थोड्या. बाळाच्या डोक्यावरून ओतायचं ते मुख्यतः चुरमुरे असू द्या. शेंगदाणे, हलवा आणि बोराच्या बिया तान्ह्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून ओतून झालं की बाळाला लगेच उचला आणि मगच मोठ्या मुलांना लुटू द्या. येणाऱ्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे फोनवर आधीच विचारून ठेवा. त्या मुलाला तिळाची पोळी वेगळ्या पोळपाटावर आणि वेगळ्या तव्यावर, शेंगापोळ्यांच्या आधी करा. तिळाचीही ॲलर्जी असते, तेही त्याच फोनमध्ये विचारा. हलवा घरी करायचा हट्ट धरू नका. पाक थेंबाथेंबानं सोडत, कोमट परातीत बोटांनी तासन् तास फिरवत बसावं लागतं आणि काटा धरायला पहाटेची थंडी लागते. तो विकतचा आणा, आणि हलव्याच्या दागिन्यांना दोरा घट्ट बांधलाय का ते बाळाला घालायच्या आधी ओढून बघा.

निघताना प्रत्येकाला बांधून द्याल, त्याचंही सांगून ठेवते. सोलापूरच्या कोरड्या हवेत कुरकुरीत राहिलेली चिक्की मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत पाझरायला लागते. मुंबईकरांना चिक्कीऐवजी लाडू आणि मऊ वडी द्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून. पोळ्या चार-चारच्या थप्पीनं कागदात गुंडाळा. फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणून बजावून सांगा, त्यानं पारी चामट होते. खायच्या वेळी मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर गरम करायची, आतला गूळ सैल झाला की उतरवायची आणि वर साजूक तूप.